जपानी ब्लॅक पाइनची रोपे उगवून आल्यावर बुंध्याशी आडवी पडतात: कारणे आणि उपाय

जपानी ब्लॅक पाइन, ज्याला जपानमध्ये कुरोमात्सु म्हणतात, तो बियांपासून वाढवू पाहणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामात नव्याने ऐकू येते. बी चांगले उगवते, हिरव्या देठावर सहा ते नऊ बीजदलांचा, म्हणजे बियांतून निघणाऱ्या पहिल्या पानांचा, झुबका उमलतो, काहींच्या टोकावर बियांचे टरफल अजून टोपीसारखे अडकलेले असते, आणि अशा निरोगी दिसणाऱ्या रोपांपैकी दोन-चार रोपे एका रात्रीत मातीच्या पातळीवर मोडल्यासारखी आडवी होतात. दुसऱ्या दिवशी शेजारची पडतात आणि आठवडाभरात ट्रेचा निम्मा भाग मोकळा होतो. पुढच्या वर्षी दुसऱ्या विक्रेत्याकडून बी आणले, नवी माती घेतली, बुरशीनाशक हाताशी ठेवले, तरी पुन्हा तेच घडते.

हा रोपे कोलमडण्याचा रोग आहे. मिरची, कांदा किंवा तंबाखूची रोपवाटिका केलेल्या शेतकऱ्याला तो नवा नाही. पाइनच्या बाबतीत मात्र तो अधिक जड जातो, कारण मिरचीचे बी पुन्हा टाकता येते, तर पाइनच्या बियांना आधी महिना-दोन महिने थंडी द्यावी लागते आणि तोवर पेरणीचा योग्य काळ निघून गेलेला असतो. माझे ठाम मत असे आहे की हा रोग पुन्हा पुन्हा येतो तो औषध चुकल्यामुळे नव्हे. रोप पडल्यानंतर केलेला उपाय त्या रोपासाठी नेहमीच उशिरा पोहोचतो, आणि ज्या तीन गोष्टींनी रोगाला जागा दिली, म्हणजे पेरणीचा काळ, माध्यम (ज्या मिश्रणात बी पेरतो ते) आणि पाणी, त्या तिन्ही पुढच्या वर्षीही जशाच्या तशा राहतात.

आधी खात्री करून घ्यावी

आडवे पडलेले प्रत्येक रोप या रोगाचे नसते, म्हणून उपाय करण्याआधी एक पडलेले रोप हलक्या हाताने उपटून उजेडात पाहावे. कोलमडीच्या रोगात मातीच्या पातळीवरचा देठ पाणी मुरल्यासारखा काळपट, मऊ आणि दोऱ्याइतका बारीक झालेला असतो. मुळी तपकिरी असते आणि दोन बोटांत धरून ओढली तर तिची साल निघून आत केसासारखा धागा उरतो. वरची बीजदले मात्र पहिल्या दिवशी पूर्ण हिरवी आणि ताठ असू शकतात, त्यामुळे रोप नुसते कलंडले आहे असा समज होऊन त्याला काडीचा आधार दिला जातो आणि रोगट रोप आणखी काही दिवस शेजाऱ्यांमध्ये उभे राहते.

उन्हाने बुंधा भाजला असेल तर चित्र वेगळे दिसते. गडद रंगाच्या, कोरड्या माध्यमाचा पृष्ठभाग दुपारच्या उन्हात पन्नास अंशांच्या वर जाऊ शकतो आणि त्या तापमानाला कोवळा देठ जिथे मातीला टेकतो तिथे फिकट, आवळल्यासारखा पट्टा पडतो. हा पट्टा बहुधा उन्हाकडच्या बाजूला असतो, आणि मुख्य म्हणजे खालची मुळी पांढरी व निरोगी असते. पक्षी टरफलाची टोपी ओढून रोप उपटतात, गोगलगाय किंवा देठ कुरतडणारी अळी देठ स्वच्छ कापून टाकते. या दोन्हींत कुजण्याची खूण नसते. हे इतके सविस्तर सांगण्याचे कारण असे की भाजलेल्या रोपांच्या ट्रेवर बुरशीनाशकाची आळवणी केली, म्हणजे त्याचे द्रावण मुळांशी ओतले, तर नुकसान थांबत नाही, उलट माध्यम अधिक ओले राहून खऱ्या रोगाला आमंत्रण मिळते.

बी उगवलेच नाही तर दोष बहुतेक वेळा बियांना दिला जातो. तोही तपासून पाहावा. पंचवीस-तीस दिवसांनंतर जागा रिकामी असेल तर तिथले बी उकरून काढून दाबावे. आत पांढरा, घट्ट गर असेल तर ते बी अजून वाट पाहत आहे. गर पिवळा, मेणचट किंवा पातळ झाला असेल आणि बाहेर आलेला मुळीचा कोंब तपकिरी असेल तर हाच रोग मातीच्या आत, रोप दिसण्याआधीच येऊन गेला आहे.

कोणता रोगकारक, आणि तो कुठून आला

या रोगामागे प्रामुख्याने पिथियम, रायझोक्टोनिया आणि फ्युजेरियम हे तीन सूक्ष्मजीव असतात, कधी त्यांच्यात फायटोप्थोराही सामील होतो. सूक्ष्मदर्शकाशिवाय त्यांना नक्की ओळखता येत नाही, पण ट्रेमध्ये रोपे कोणत्या क्रमाने आणि कुठे पडली यावरून बराच अंदाज बांधता येतो. जिथे पाणी साचते तो कोपरा किंवा ट्रेची कललेली बाजू आधी गेली असेल तर पिथियमचा संशय घ्यावा, कारण त्याचे चलबीजाणू पाण्यात पोहत एका मुळीपासून दुसरीकडे जातात. एका ठिकाणी सुरुवात होऊन रिकामे वर्तुळ रोज थोडेथोडे मोठे होत असेल तर रायझोक्टोनिया असण्याची शक्यता अधिक, कारण तो माध्यमातून धाग्यांनी पसरतो. तो बहुधा जुन्या कुंडीतून, न धुतलेल्या ट्रेमधून किंवा बागेच्या मातीतून आलेला असतो. रोपे विखुरलेली, एक इथे एक तिथे अशी पडत असतील आणि काही रोपे टरफल अडकलेल्या टोकापासून कुजत असतील तर फ्युजेरियम बियांच्या टरफलावरूनच आला असे समजावे.

ही विभागणी करण्याला व्यवहारात महत्त्व आहे. आपल्याकडे बुरशी म्हटली की हात आपोआप कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पुडीकडे जातो. पिथियम आणि फायटोप्थोरा हे मात्र खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत आणि कार्बेन्डाझिमचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. ओल्या कोपऱ्यातून सुरू झालेल्या रोगावर कार्बेन्डाझिमची आळवणी करणे म्हणजे रोगाला हव्या असलेल्या पाण्यात आणखी भर घालणे होय, आणि "औषध देऊनही रोपे गेली" या अनुभवाच्या मागे बरेचदा एवढेच असते.

रोपाचा धोक्याचा काळ

उगवणीपासून साधारण चार ते सहा आठवडे रोपाचा देठ हिरवा, रसाळ आणि पातळ सालीचा असतो. त्यानंतर त्यात काष्ठ धरू लागते, देठाचा रंग तांबूस किंवा तपकिरीकडे झुकतो, बीजदलांच्या मधोमध खऱ्या सुया दिसू लागतात, आणि मग हेच रोगकारक त्याला सहज आडवे करू शकत नाहीत. रोगकारक हवेत, पाण्यात आणि मातीत कायमच असतात. त्यांना नाहीसे करणे घरच्या रोपवाटिकेत शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. रोपाला हे चार-सहा आठवडे शक्य तितक्या कोरड्या, उजेडाच्या आणि हवेशीर परिस्थितीत, न रेंगाळता पार करता यावेत एवढेच साधायचे आहे. यापुढे जे जे सांगितले आहे ते याच एका गोष्टीसाठी आहे.

या झाडाचा मूळ अधिवास पाहिला की ही गोष्ट लगेच पटते. ब्लॅक पाइन हे जपानच्या होन्शू, शिकोकू आणि क्युशू या बेटांच्या व दक्षिण कोरियाच्या किनाऱ्यावरचे झाड आहे. आपल्या कोकण किनाऱ्यावर सुरूची बने जशी वारा आणि उडती वाळू अडवण्यासाठी लावलेली आहेत, तसेच काम जपानमध्ये शतकानुशतके या झाडाने केले आहे. क्युशूमधील कारात्सु येथे सतराव्या शतकाच्या आरंभी लावलेले निजी-नो-मात्सुबारा हे पाइनबन आजही सुमारे साडेचार किलोमीटर लांब आहे. नापीक वाळू, सततचा वारा आणि उघडे ऊन यांत वाढणाऱ्या या झाडाचे बी आपण सुपीक, भुसभुशीत, ओलसर मिश्रणात पेरून त्यावर प्लॅस्टिकचे झाकण ठेवतो, तेव्हा त्याच्या स्वभावाच्या अगदी उलट परिस्थिती निर्माण करत असतो. पाइन बोन्सायच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध असलेले किनाशी आणि कोकुबुंजी हे ताकामात्सु शहरातील भाग शिकोकूच्या उत्तर किनाऱ्यालगत, जपानमधील कमी पावसाच्या पट्ट्यात आहेत आणि तिथली जमीन वाळूमिश्रित, उत्तम निचऱ्याची आहे.

पेरणी जूनमध्ये करू नये

महाराष्ट्रातील बहुतेक अपयशांचे मूळ मला पेरणीच्या महिन्यात दिसते. पावसाळ्याच्या तोंडावर पेरण्याची आपली सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे आणि ज्वारी-भातासाठी ती योग्यच आहे, पण ब्लॅक पाइनचा हिरव्या देठाचा काळ तिच्यामुळे नेमका जुलै-ऑगस्टमध्ये येतो, म्हणजे जेव्हा हवेतील आर्द्रता सर्वाधिक असते, ऊन दिवसच्या दिवस दिसत नाही आणि माध्यम कधीच वाफशावर येत नाही. जपानमध्ये या झाडाचे बी ऑक्टोबरच्या सुमारास पक्व होणाऱ्या शंकूंतून काढून, जपून ठेवून, मार्च-एप्रिलमध्ये पेरतात. तिथला पावसाळा जूनमध्ये सुरू होईपर्यंत रोपांचे देठ टणक होऊ लागलेले असतात. त्यांचे महिने नव्हे, तर त्यांचा हा हिशेब आपण उचलायला हवा.

पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा या भागांत ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बी भिजवून शीतप्रक्रियेला लावावे आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत पेरावे. उगवणीला वीस ते पंचवीस अंश तापमान सर्वांत मानवते, त्यामुळे रात्री फार गार होत असतील तर उगवण होईपर्यंत ट्रे रात्री घरात आणि दिवसा उन्हात ठेवावा. कोरड्या हवेत आणि सौम्य उन्हात जानेवारी-फेब्रुवारीमध्ये देठ पक्के होतात आणि एप्रिलच्या उन्हाला तोंड देण्याइतका वेळ रोपाला मिळतो. नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूला उन्हाळा लवकर आणि कडक येत असल्याने हे सर्व तीन-चार आठवडे अलीकडे ओढावे. मुंबई, कोकण आणि गोव्यात हिवाळ्यातही हवा दमट राहते; तिथे महिना तोच ठेवून माध्यम अधिक जाड कणांचे घ्यावे आणि ट्रे गच्चीवर किंवा वाऱ्याच्या खिडकीत ठेवावा.

परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींची अडचण याच्या उलट असते. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात जानेवारीत खिडकीच्या कट्ट्यावर, गरम केलेल्या खोलीत बी पेरले जाते. ऊब असते पण उजेड आणि वारा नसतो, देठ लांबुळके होतात आणि महिनाभर हिरवेच राहतात. तिथे निसर्गाने थंडी फुकट दिलेली आहे, तेव्हा कडाक्याची थंडी व गोठण संपल्यावर एप्रिलच्या सुमारास उघड्यावर पेरणे हाच सरळ मार्ग आहे. घरातच पेरायचे असेल तर वाढदिवा (ग्रो लाइट) रोपांच्या अगदी जवळ हवा, लहान पंखा हवा, आणि तळाला उष्णता देणारी चटई उगवण होताच बंद करायला हवी.

बी आणि बीजप्रक्रिया

मंद उगवणारे, अशक्त बी अधिक दिवस धोक्यात राहते, म्हणून ताज्या बियांचा आग्रह धरावा. बी चोवीस तास पाण्यात भिजवून तरंगणारे बाजूला काढावे. त्यानंतर टरफलावरील फ्युजेरियमसाठी हायड्रोजन पेरॉक्साइडचा उपयोग करता येतो. औषधाच्या दुकानात ते बहुधा सहा टक्क्यांचे मिळते. तेवढेच पाणी मिसळले की तीन टक्के होते. त्यात बी पंधरा-वीस मिनिटे ठेवून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावे.

शीतप्रक्रियेसाठी बी ओलसर वाळूत किंवा ओल्या कागदी रुमालात गुंडाळून पिशवीत घालावे आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, एक ते पाच अंश तापमानात तीस ते साठ दिवस ठेवावे. कागद पिळल्यावर थेंब पडता कामा नये. रोगाची पहिली वस्ती इथेच होते: पिशवीत पाणी सुटलेले असते, बियांवर करडी लव येते आणि तेच बी पुसून पेरले जाते. दर आठवड्याला पिशवी उघडून हवा द्यावी, लव दिसली तर बी पुन्हा पेरॉक्साइडने धुऊन नव्या कागदात ठेवावे, आणि मऊ पडलेले बी टाकून द्यावे.

पेरण्याआधी बियांना कॅप्टन किंवा थायरम चोळता येते, किंवा ट्रायकोडर्मा लावता येतो. दोन्ही एकत्र वापरू नयेत, कारण ट्रायकोडर्मा ही स्वतःच बुरशी आहे आणि रासायनिक बुरशीनाशक तिलाही मारू शकते. माझा कल ट्रायकोडर्माकडे आहे, मात्र तो रोग येण्याआधी मुळांभोवतीची जागा व्यापून बसण्यासाठी उपयोगी पडतो. रोग दिसल्यानंतर त्याच्यावर विसंबून राहू नये.

माध्यम: सर्वांत जास्त लक्ष इथे द्यावे

जपानमध्ये अकादामा ही भाजल्यासारखी दाणेदार ज्वालामुखीय माती आणि कडक नदीवाळू यांचे मिश्रण वापरतात. अकादामा भारतात आयात होते, पण रोपांच्या ट्रेसाठी तो खर्च करण्याची आवश्यकता नाही. आपल्याला हवा आहे तो दोन ते चार मिलिमीटरचा, धूळ नसलेला, पाणी लगेच खाली जाऊ देणारा कण. चाळून धुतलेली भरड वाळू, परलाइट किंवा प्युमिस (हलके, सच्छिद्र खनिज दाणे), नव्या भाजलेल्या विटांचा चाळलेला चुरा यांचे मिश्रण चालते. त्यात ओलावा धरण्यासाठी पाचवा हिस्सा धुतलेले कोकोपीट घातले तर पुरे. शेणखत, गांडूळखत, बागेची माती किंवा पालापाचोळ्याचे खत यांपैकी काहीही या टप्प्यात घालू नये. पहिले काही आठवडे रोप बियांतल्या अन्नावर वाढते; त्या काळात मिळालेले नत्र देठाला अधिक रसाळ करते आणि हिरव्या देठाचा काळ लांबवते. खत खऱ्या सुया फुटल्यानंतर, आणि तेही फार विरळ द्यावे.

चाळणीखालची धूळ टाकून देण्याचा कंटाळा करू नये. बारीक कण मोठ्या कणांमधील पोकळ्या भरतात आणि कुंडीच्या तळाशी पाणी धरून ठेवणारा थर जाड होतो. हा थर कुंडी कितीही खोल असली तरी जवळपास तेवढ्याच जाडीचा राहतो, त्यामुळे चार सेंटिमीटर खोलीच्या उथळ ट्रेमध्ये तो थेट बुंध्यापर्यंत पोहोचतो आणि दहा सेंटिमीटरच्या कुंडीत तळाशीच राहतो. बियांसाठी उथळ ट्रे वापरावा असा सल्ला सर्रास दिला जातो. पाइनसाठी मला तो मान्य नाही.

सामू (पीएच) हा दुर्लक्षित राहिलेला मुद्दा आहे. सूचिपर्णी रोपांची कोलमड सामू सहाच्या वर गेला की वाढते. साडेपाचच्या आसपास रोप सशक्त राहते आणि रोगकारकांचा जोर कमी होतो. दख्खनच्या पठारावर विहिरीचे आणि बोअरचे पाणी बहुधा जड, क्षारयुक्त असते, आणि असे पाणी रोज घातले की सुरुवातीला आम्लधर्मी असलेले मिश्रणही हळूहळू वर सरकते. त्यावर पावसाळ्यात गच्चीवर साठवून झाकून ठेवलेले पाणी हा उत्तम उपाय आहे. काही डझन रोपांना हिवाळाभर फार पाणी लागत नाही. वाळूमध्ये चुना आहे का हे पाहण्यासाठी मूठभर वाळूवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकावे. फसफसले तर ती वाळू वापरू नये. समुद्रकिनाऱ्याची शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू आणि पाडकामाच्या, चुना-सिमेंट लागलेल्या विटांचा चुरा हे दोन्ही याच कारणाने बाद ठरतात.

माध्यम निर्जंतुक करायचे असेल तर ते ओलसर करून बंद भांड्यात अर्धा तास वाफवावे, किंवा एप्रिल-मे महिन्यांत ओले करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे कडक उन्हात ठेवावे, जसे गादीवाफ्याचे करतात. परंतु पूर्ण निर्जंतुक माध्यमात जो सूक्ष्मजीव प्रथम पोहोचतो त्याला प्रतिस्पर्धी उरत नाही. म्हणून थंड झाल्यावर लगेच त्यात ट्रायकोडर्मा मिसळावा, अन्यथा केलेले श्रम उलटू शकतात. जुने ट्रे आणि कुंड्या घासून, ब्लिचिंगच्या पातळ द्रावणात बुडवून, धुऊन, उन्हात वाळवून मगच वापराव्यात.

पेरणी, पाणी आणि हवा

बी पाच ते दहा मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून किमान दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर टाकावे. दाट पेरून नंतर विरळणी करणे इथे धोक्याचे आहे, कारण दाटीत बुंध्याजवळची हवा हलत नाही. पेरल्यावर वर अर्धा सेंटिमीटर जाड, धुतलेल्या भरड वाळूचा किंवा कचेचा थर द्यावा. तो फिकट रंगाचा मिळाला तर उन्हाने बुंधा भाजण्याचाही धोका कमी होतो. हा थर पाणी घातल्यावर तासा-दोन तासांत कोरडा पडतो आणि देठ जिथे मातीला टेकतो ती जागा कोरडी राहते. एवढ्या लहान गोष्टीने जो फरक पडतो तो कोणत्याही औषधाने पडत नाही, असे मी खात्रीने सांगू शकतो.

झाकण ठेवलेच असेल तर पहिले रोप वर येताच ते कायमचे काढून टाकावे; उरलेली बिया उगवण्याची वाट पाहत ते ठेवू नये. पाणी सकाळी, भरपूर आणि एकदाच द्यावे, जेणेकरून ते तळातून बाहेर पडेल आणि संध्याकाळपर्यंत वरचा भाग सुकेल. रोज थोडेथोडे फवारत राहिल्याने तळ कोरडा आणि बुंधा सतत ओला राहतो, म्हणजे हवे त्याच्या नेमके उलट होते. पाण्याची गरज बोटाने किंवा कुंडी उचलून वजनावरून ठरवावी. पृष्ठभाग कोरडा दिसतो म्हणून पाणी देऊ नये. कुंडीखाली बशी ठेवू नये.

उगवल्यापासून रोपाला थेट ऊन हवे. हिवाळ्यात महाराष्ट्रातील ऊन त्याला सोसते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून दुपारी विरळ शेडनेट पुरे. कोवळे म्हणून सावलीत ठेवलेले रोप कोवळेच राहते. टोकावर अडकलेले टरफल ओढून काढू नये. सकाळी त्यावर एक थेंब पाणी टाकले तर ते मऊ होऊन आपसूक गळते.

रोग दिसल्यावर त्याच दिवशी काय करावे

पडलेली रोपे आणि त्यांच्या भोवतीचे दोन-तीन सेंटिमीटर माध्यम चमच्याने काढून कचऱ्यात टाकावे. ते खतात किंवा दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नये. पाणी थांबवावे आणि ट्रे वाऱ्यात व उन्हात हलवावा. रोपे वेगवेगळ्या कुंड्यांत असतील तर रोगट कुंड्या लगेच दूर कराव्यात. वरचा भाग सुकल्यानंतर आळवणी करावी. पिथियमचा संशय असेल तर मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेब यांचे संयुक्त औषध, इतर वेळी कॅप्टन, साधारण दोन ग्रॅम प्रतिलिटर पाण्यात. कॉपर ऑक्सिक्लोराइडही दोन ते अडीच ग्रॅम या प्रमाणात चालते. पाकिटावरील सूचना वाचाव्यात, हातमोजे घालावेत, आणि आळवणीच्या दिवशी वेगळे पाणी देऊ नये. या औषधांनी आजारी रोप वाचत नाही, शेजारचे वाचते. ट्रायकोडर्मा पुन्हा द्यायचा असेल तर मध्ये किमान पंधरा दिवस जाऊ द्यावेत. दालचिनी किंवा हळदीची पूड पसरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. पृष्ठभाग कोरडा करण्यापलीकडे तिचा उपयोग होत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि त्या भरवशावर गेलेले दोन दिवस महाग पडतात.

ज्या रोपांचे देठ टणक होऊ लागले आहेत, पण मुळीला रोग लागला आहे, त्यांच्यासाठी एक मार्ग उरतो. बोन्सायसाठी रोपे तयार करणारे जपानी लोक उगवणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी निरोगी रोपाचीही मुळी मुद्दाम कापून टाकतात आणि देठ स्वच्छ माध्यमात खोवून त्याला चहूबाजूंनी नवी मुळे फुटू देतात, जेणेकरून पुढे बुंध्याचा पसारा सुबक व्हावा. हेच तंत्र रोगट रोपाला लावता येते. रोगाच्या डागाच्या बरेच वर, जिथे देठाचा छेद स्वच्छ आणि फिकट दिसतो तिथे, स्पिरिटने पुसलेल्या नव्या पात्याने कापावे, टोक मुळे फुटण्याच्या आयबीए पावडरीत बुडवावे आणि निर्जंतुक केलेल्या भरड वाळूत सेंटिमीटरभर खोवावे. मुळे फुटेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, त्याला उजेडाची सावली आणि हवेत दमटपणा लागतो. छेद तपकिरी दिसला तर आणखी वर कापावे. बीजदलांखाली दोन सेंटिमीटरही निरोगी देठ उरत नसेल तर ते रोप सोडून द्यावे. दोन-तीन आठवड्यांच्या कोवळ्या रोपांवर हा प्रयोग क्वचितच यशस्वी होतो.

पहिला पावसाळा

देठ पक्का झाल्यावर रोग संपला असे समजून पावसाळ्यात रोपे उघड्यावर ठेवली जातात, तेव्हा हेच रोगकारक मुळांवर येतात. आता रोप आडवे पडत नाही. ते उभ्या उभ्या निस्तेज होते, सुया राखाडी हिरव्या होतात आणि पाणी कमी पडले असे वाटून आणखी पाणी दिले जाते. जून ते सप्टेंबर या काळात पहिल्या वर्षाची रोपे पारदर्शक पत्र्याखाली, चारही बाजूंनी वारा येईल अशी, जमिनीपासून उंच मांडणीवर ठेवावीत. सलग पावसाच्या दिवसांत कुंडीचे वजन कमी झाल्याशिवाय पाणी देऊ नये.

या काळात कुंडीतून रोप काढून पाहिले तर मुळांभोवती पांढरे, कापसासारखे धागे दिसू शकतात आणि घाबरून बुरशीनाशक ओतले जाते. मुळांची टोके ताजी, घट्ट आणि आखूड फाट्यांची असतील, वास ओल्या जंगलमातीसारखा असेल, तर ती पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी आहे; ती झाडाला पाणी आणि स्फुरद मिळवून देते आणि मुळांवर आवरण घालून रोगकारकांनाही अडवते. मुळे तपकिरी, साल सुटणारी आणि आंबूस वासाची असतील तरच औषधाचा विचार करावा. पांढरे धागे असलेले थोडे माध्यम पुढच्या हंगामातील रोपांना, ती पक्क्या देठाची झाल्यावर आणि वेगळ्या कुंडीत हलवताना, मुळांशी घालावे. मात्र ज्या कुंडीत एकही रोप रोगाने गेलेले नाही अशाच कुंडीतून ते घ्यावे.